ओल्या धान्यावर वार्निश

श्रीवर्धनपासून रत्नागिरीपर्यंत आपल्या पोरांमध्ये सध्या ‘कस्टम रॉड’ची हवा आहे. समुद्रावर गरवायला जायचं तर दुकानातला तयार रॉड नको, कोणीतरी हाताने बांधलेला, आपलं नाव घातलेला रॉड हवा. हौस चांगलीच आहे. पण या हौसेच्या आडून जो माल खपतो, त्यातल्या बऱ्याचशा मालाला मी खोटं माप म्हणतो. हा शब्द मुद्दाम वापरतोय. ‘थोडी जाहिरात करावीच लागते’, ‘धंद्यात एवढं चालतं’ ही मऊ भाषा मला मान्य नाही.

मी स्वतः रॉड बांधतो आणि त्याहून जास्त दुरुस्त करतो. लोकांनी हजारो रुपये मोजून घेतलेले रॉड मोडले की माझ्या टेबलावर येतात. मोडल्यावर आत काय भरलं होतं ते दिसतं. या लेखात जे लिहितोय ते त्या टेबलावर पाहिलेलं आहे.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रॉडची मूळ काठी, जिला ब्लँक म्हणतात, ती कार्बनची किंवा काचतंतूची पोकळ नळी असते. राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड पोलादी सळीवर घट्ट गुंडाळायचं, भट्टीत भाजायचं आणि सळी ओढून काढायची. हे काम घरच्या पडवीत होत नाही. माझ्या ओळखीतला एकही बांधणारा ब्लँक स्वतः करत नाही. आम्ही सगळे तो विकत आणतो, बहुतेक वेळा चीनमधून. मग त्यावर रीलसीट बसवायची, मुठीला ईव्हीए फोम चढवायचा, दोरी ज्यातून जाते त्या कड्या, म्हणजे गाईड, ओळीत मांडायच्या, त्यांचे पाय दोऱ्याने गुंडाळायचे आणि वर इपॉक्सीचा थर द्यायचा. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत रॉड सावकाश फिरता ठेवावा लागतो, नाहीतर ओघळ येतात. मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची मोटर त्या कामाला झकास चालते. पावसाळ्यात दमट हवेने इपॉक्सीवर पांढुरकी साय धरते, म्हणून जून-जुलैत मी हे काम शक्यतो घेतच नाही.

ब्लँक बाहेरून आणलेला असतो याची लाज वाटायचं कारण नाही. शिंपी कापड विणत नाही, म्हणून त्याची कारागिरी कमी होत नाही. आमची कारागिरी मापात असते. गिऱ्हाईकाची उंची किती, हात किती लांब, रील कोणतं, उभा कुठे राहणार, हे विचारल्याशिवाय रॉड बांधताच येत नाही. कातळावर उभं राहून लुअर लांब फेकायचं असेल तर नऊ-दहा फुटांचा रॉड लागतो. होडीत उभं राहून खाली खडकात बसलेल्या गोब्र्यासाठी जिग खालीवर करायची तर पाच-सहा फूट पुरे. कारण रॉड ही तरफ आहे, आणि तिची लांब बाजू माशाकडे असते. साधा हिशोब बघा. रॉडचा बुंधा कमरेला टेकवलाय, पुढचा हात बुंध्यापासून २ फुटांवर आहे, आणि दोरीचा ओढा बुंध्यापासून ६ फुटांवर लागतोय. मासा १० किलोच्या जोराने ओढत असेल तर पुढच्या हाताला ३० किलो पेलावे लागतात. हा हिशोब ज्याला कळतो तो गिऱ्हाईकाला आधी दहा प्रश्न विचारतो. ज्याला कळत नाही तो एकच विचारतो: ‘दोरा कुठल्या रंगाचा टाकू?’

आणि रंगाचं काम खरोखर सुंदर होतं, हे कबूल करतो. सोनेरी पट्ट्या, माशाच्या खवल्यांची नक्षी, कोणाला चांद-तारा, कोणाला पोराचं नाव. फोटो बघून जीव खुश होतो. सगळी फसवणूक त्या नक्षीच्या खाली असते.

सुरुवात करू रॉडवर लिहिलेल्या आकड्यापासून. ‘८० पौंड’ असं झोकदार अक्षरात लिहिलेलं असतं. ८० पौंड म्हणजे काय? एवढ्या ताकदीची दोरी लावावी, की रीलचा ड्रॅग एवढा आवळावा, की रॉडने एवढं वजन उचलावं? तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. ८० पौंड म्हणजे सुमारे ३६ किलो. जाणकार माणूस ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर लावतो, म्हणजे ९ ते १२ किलो. शेवाळलेल्या कातळावर उभं राहून १२ किलोचा ओढा सोसून बघा एकदा. आता ज्याने आकडा वाचून ‘रॉड ३६ किलो उचलतो’ असं समजलं, त्याचं काय होईल? आणि हा आकडा आला कुठून, असं मी विचारतो तेव्हा मला मिळालेलं नेहमीचं उत्तर आहे, ‘ब्लँकवाल्याने सांगितलं’ किंवा ‘अंदाजाने लिहिलं’. एकानेही मला ‘टांगून बघितलं’ असं सांगितलेलं नाही.

त्यात जपानी पीई नंबरांची भर. पीई १, पीई ६, पीई ८. हा नंबर दोरीच्या जाडीचा आहे. पीई १ म्हणजे अंदाजे ०.१६५ मिलिमीटर. जाडी सारखी असली तरी एका कंपनीची दोरी जास्त वजनाला तुटते, दुसरीची कमी. आमच्याकडे मात्र पीईला एका ठरावीक आकड्याने गुणून पौंड काढायची पद्धत पडलीय, आणि तो आकडा गिऱ्हाईकाच्या खिशाप्रमाणे वाढतो.

मग येतो ‘४० टन कार्बन’. ऐकणाऱ्याला वाटतं, ४० टन म्हणजे हत्ती बांधला तरी मोडणार नाही. हा आकडा तंतूच्या ताठपणाचा आहे, मजबुतीचा नव्हे. जितका तंतू ताठ, तितका तो साधारणपणे ठिसूळ. होडीच्या काठावर एकदा आपटला की बारीक चीर पडते आणि पुढच्या मोठ्या माशाला तिथेच तुकडा. शिवाय ब्लँकमध्ये तो तंतू किती भाग आहे हे कोणी सांगत नाही. एक थर ४० टनाचा असला तरी लेबलावर ‘४० टन’ छापता येतं. खाडीत होडीवरून जिताडा धरणाऱ्या नवशिक्याला काचतंतू मिसळलेला जड, सोशिक ब्लँक जास्त उपयोगी असतो. पण तो स्वस्त असतो, म्हणून त्याची कोणी तारीफ करत नाही.

कड्यांचं तर विचारूच नका. खाऱ्या पाण्यात कडीची चौकट टायटेनियमची हवी, निदान ३१६ जातीच्या स्टीलची. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मीठ सोसतं. आतली रिंग सिलिकॉन कार्बाइडसारखी कठीण हवी, कारण विणलेली पीई दोरी वाळू आणि मीठ घेऊन धावते आणि मऊ रिंगेत खाच पाडते. मग तीच खाच दोरी कापते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी रॉडवर एका नामवंत जपानी कंपनीचा छाप असलेल्या कड्या होत्या आणि इपॉक्सी सोलल्यावर पायांखाली तांबडा गंज. कंपनीचा त्यात काही दोष नाही. तो माल तिचा नव्हताच.

आणि शेवटी रीलसीटच्या आत. सीटचं भोक मोठं असतं, ब्लँक बारीक असतो. मधली फट कठीण फोमच्या नळीने आणि पुरेशा इपॉक्सीने भरायची असते. ती भरतात कागदी मास्किंग टेप गुंडाळून. टेप आठ रुपयांची, फोम दोनशेचा. कागद समुद्राचं पाणी पितो, टेपचा चीक सुटतो, सीट आतल्या आत फिरायला लागते. ॲल्युमिनियमची सीट असेल तर आणखी एक गंमत होते. कार्बन वीजवाहक आहे. मिठाच्या पाण्यात तो ॲल्युमिनियमला चिकटून राहिला की बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखं खात जातं. (कार्बन वीजवाहक आहे म्हणूनच विजेच्या तारांखाली आणि गडगडाटात रॉड उभा धरू नये. ही सूचनाही मी कोणाच्या कस्टम रॉडसोबत लिहिलेली पाहिलेली नाही.)

आमच्या बाजूचा एक पोरगा अशाच रॉडसकट कातळावरून मागे पडला. मासा लागला होता, रॉडला पूर्ण बाक आला होता, आणि सीटच्या वरच काठी फुटली. सगळा भार मागे टाकून उभा होता तो. मनगट मोडलं, डोकं वाचलं. मासा दोन गळ आणि वीस-पंचवीस मीटर दोरी तोंडात घेऊन गेला. त्याचं पुढे काय झालं असेल ते दर्यावर्दी माणसाला सांगायला नको. सीट कापली तर आत टेपचा ओला लगदा. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं, ‘त्याने रॉड जास्त वाकवला असेल.’

आता मुद्द्यावर येतो. ही गोष्ट मी या ठिकाणी, आपल्या लोकांसमोर का मांडतोय? कारण बांधणारे आपले आहेत, विकणारे आपले आहेत आणि बहुतेक गिऱ्हाईकंही आपलीच आहेत. रत्नागिरीचे दालदी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगले. रॉड-रीलचा शौक मात्र आपल्या किती तरी घरांत आखातातून आला. मस्कतच्या, कुवेतच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी शिकलेली पोरं परत येताना सामानात रॉड घेऊन आली. त्यातल्याच काहींनी इथे हा धंदा सुरू केला. आणि हे सगळे लोक बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचतात, जिलेटिन कशाचं आहे ते विचारतात, परदेशात कोंबडीचं सर्टिफिकेट तपासतात. चांगलंच करतात. पण ज्या पैशाने ते बिस्किट घेतलं, तो पैसा आठ रुपयांच्या टेपवर दोनशेच्या फोमचा दाम लावून आला असेल, तर तपासायचं आधी काय?

कुरआनमध्ये मापात मारणाऱ्यांच्या नावाने एक अख्खी सूरा आहे, त्र्याऐंशीवी, अल-मुतफ्फिफीन. मदयनच्या लोकांकडे हजरत शुऐब (अ.) पाठवले गेले ते एकेश्वराच्या संदेशासोबत माप पुरं भरा हे सांगायला. आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची बाजारातली ती हदीस तर मदरशातल्या लहान पोरालाही पाठ असते. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, आतून ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस. आणि जो फसवतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, अशा अर्थाचे शब्द उच्चारले. लक्षात घ्या, धान्य ओलं होणं हा गुन्हा नव्हता. पाऊस अल्लाहचा. ओल खाली दाबून वर कोरडे दाणे पसरणं, हा गुन्हा होता. चिनी ब्लँक म्हणजे ओलं धान्यसुद्धा नाही, अनेकदा उत्तम माल असतो. मग त्याच्यावर जपानचा स्टिकर कशासाठी?

यावर मला जी उत्तरं मिळतात ती ऐकून घ्या.

पहिलं, ‘गिऱ्हाईकालाच जपान हवा असतो.’ हवा असतो, खरं आहे. मग त्याला जपानी ब्लँक आणून द्या आणि तेवढे पैसे घ्या. नाहीतर सांगा की चिनी आहे, मी टांगून बघितलाय, एवढं वजन पेलतो. ऐकणारी माणसं असतात. कमी असतात, पण असतात.

दुसरं उत्तर जास्त बोचरं आहे. ‘आखातातली नोकरी गेली, घरी चार तोंडं आहेत, हातात दुसरं हुनर नाही. तुम्ही गरिबाच्या पोटावर पाय देताय.’ मला या माणसाची अडचण कळते. पण त्याचं गिऱ्हाईक कोण आहे? मुंबईचा शेठ त्याच्याकडे येत नाही. तो परदेशातून थेट मागवतो. येतो तो रिक्षावाला, बंदरावर बर्फ फोडणारा, दोन महिने पैसे साठवून एक रॉड घेणारा. गरिबीच्या नावाने गरिबालाच लुटायचं, हा कसला न्याय? आणि आठ रुपयांच्या जागी दोनशे खर्च करून त्याने रॉडची किंमत तीनशेने वाढवली तर धंदा बंद पडत नाही. मी वाढवलीय. बंद पडलेला नाही.

तिसरं उत्तर: ‘हा शौक आहे, त्यात एवढं दीन कशाला आणता?’ शौक घेणाऱ्याचा असेल. बांधणाऱ्याची ती रोजी आहे, आणि रोजीचा हिशोब शौकाच्या खात्यात टाकता येत नाही. आपल्या फिकहमध्ये विकणाऱ्याने ऐब लपवला तर घेणाऱ्याला सौदा मोडायचा हक्क आहे, खियार-ए-ऐब. आपल्या जुन्या शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी बाजारात फिरून वजनं-मापं तपासत असे. इमाम अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोषी कापड दोष न सांगता विकलं, तेव्हा त्यांनी त्या विक्रीची सगळी रक्कम दान केली, असं सांगितलं जातं. आपण कोकणी शाफई असलो म्हणून ही गोष्ट आपल्याला लागू नाही असं कोणी म्हणणार नाही अशी आशा आहे. आतार, मणियार, पिंजारी, शिकलगार, मोमीन. आपल्या जमातींची नावंच हातच्या कामाची आहेत.

जे दीन मानत नाहीत त्यांनी निदान खेळाचे नियम बघावेत. १९३९ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन मोठ्या माशांचे विक्रम नोंदवते. तिथे विक्रम सांगणाऱ्याला दोरीचा तुकडा पाठवावा लागतो. ती दोरी ओली करून तोडून बघतात, आणि सांगितलेल्या वर्गाहून जास्त ताकदीची निघाली तर विक्रम त्या वर्गात धरत नाहीत. अमेरिकेत हॅनेमन नावाच्या गृहस्थांनी फ्लाय रॉडची ताकद मोजायला पद्धत काढली: रॉड आडवा धरायचा, टोक लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत तिथे एक-एक पेनी टांगायची, आणि नाणी मोजायची. पेनीच का, तर त्या प्रत्येकी अडीच ग्रॅमच्या असतात आणि प्रत्येकाच्या घरात असतात. जपानमधले काही नामवंत बनवणारे रॉड कोणत्या कोनात असताना किती किलो ड्रॅग चालेल ते छापून देतात. नावासाठी आणि खेळासाठी लोक एवढं करतात. आपण तर आखिरतच्या हिशोबावर ईमान ठेवणारे.

मी मागतोय ते फार नाही. प्रत्येक बांधलेल्या रॉडसोबत एक कार्ड द्या. ब्लँक कुठून आणला. कड्यांची चौकट आणि रिंग कशाची. सीटच्या आत काय भरलं. ४५ अंशांच्या कोनात किती किलो टांगून बघितले आणि कोणत्या तारखेला. चार ओळी. ज्याला हे लिहायची भीती वाटते, त्याची भीतीच सगळं सांगून जाते. आणि गिऱ्हाईकांनो, कार्ड नसेल तर पैसे देऊ नका, मग बांधणारा तुमचा मामेभाऊ का असेना. मशिदीच्या कट्ट्यावर बसून ‘फलाण्याने फसवलं’ म्हणत रडण्यापेक्षा सौद्याच्या वेळी तोंड उघडा.

ज्यांच्याकडे रॉड आधीच आहे त्यांनी घरीच तपासावा. बुंधा ४५ अंशांत पक्का बांधा. रीलची दोरी सगळ्या कड्यांतून काढून रिकाम्या कॅनला बांधा आणि कॅनमध्ये लिटर-लिटर पाणी ओतत जा. एक लिटर, एक किलो. हॅनेमनसारखी नाणी वापरू नका, आपल्या एक रुपयाच्या नाण्यांची वजनं दर काही वर्षांनी बदलत आलीत. डोळ्याला चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा, कार्बन फुटला तर कुसळं उडतात. विकणाऱ्याने सांगितलेल्या ड्रॅगइतकं पाणी भरेपर्यंत सीट हलली, कडीचा पाय उचकटला किंवा कुठे कट्‌ असा आवाज आला, तर त्याच कॅनसकट रॉड त्याच्या दारात घेऊन जा. पाणी मात्र विहिरीचं घ्या. समुद्राचं लिटरमागे २५ ग्रॅम जास्त भरतं, आणि मग तो म्हणेल की माप तुम्हीच मारलंत.